पाय पुन्हा का मुरगळतो: घोट्याच्या जोखमीच्या अभ्यासाला प्रस्तावना

कबड्डीत बोनस गुण घ्यायचा तर चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकावा लागतो आणि त्याच वेळी मागचा पाय हवेत असावा लागतो. हा गुण मैदानात किमान सहा बचावपटू असतानाच मिळतो. म्हणजे त्या क्षणी कोपरारक्षक बहुधा आपल्या जागी असतो, गुडघ्यांत वाकलेला असतो आणि त्याची नजर नेमकी त्या पुढच्या पायावर असते. चाहत्याला यात बोनस आणि पकड यांची झुंज दिसते. दुखापतींच्या अभ्यासकाला तोच क्षण वेगळा दिसतो. साऱ्या अंगाचा भार एका घोट्यावर आहे, पाऊल लांबवर टाकलेले आहे आणि आता त्या घोट्याला दोन हातांचा वेढा पडतो आहे. चढाईपटू मध्यरेषेकडे वळतो. धड वळते, मांडी वळते, नडगीही वळू लागते. पाऊल मात्र धरलेले असते. वळलेली नडगी आणि अडकलेले पाऊल यांच्यातला सगळा फरक मधल्या सांध्याला सोसावा लागतो.

घोट्याची पकड रोजच्या सरावात होते आणि बहुतेक वेळा दोघेही खेळाडू उठून, माती झटकून पुढच्या चढाईला तयार होतात. मग एखाद्या दिवशी एखाद्याचाच घोटा का जातो? आणि ज्याचा एकदा गेला त्याचाच वर्षभरात पुन्हा का जातो? या दोन प्रश्नांभोवती गेल्या पन्नास-साठ वर्षांत एक अभ्यासक्षेत्र उभे राहिले आहे. त्यात नव्याने येणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना आहे: फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांसाठी, शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी, आणि विशेषतः मंडळाचा संघ वर्षानुवर्षे पदरमोड करून सांभाळणाऱ्या प्रशिक्षकांसाठी. या शेवटच्या मंडळींजवळ निरीक्षणांचा जो साठा आहे तो कुठल्याही प्रयोगशाळेजवळ नाही. त्यांनी या क्षेत्रात पाहुणे म्हणून येऊ नये, घरचे म्हणून यावे.

घोटा मुरगळणे इतके सर्रास आहे की आपल्याकडे त्याला दुखापत म्हणायलाही लोक तयार नसतात. आंबेहळदीचा लेप, क्रेप बँडेज, चार दिवस आराम आणि शनिवारी सामना, असा एकूण शिरस्ता. डॅनियल फाँग आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये जगभरातली उपलब्ध माहिती एकत्र केली, तेव्हा ७० पैकी २४ खेळांमध्ये घोटा हाच सर्वाधिक दुखावणारा अवयव ठरला. बास्केटबॉल, फुटबॉल, व्हॉलीबॉल, हँडबॉल, रग्बी, कुठेही जा, घोटा यादीत वरच असतो. एवढ्या मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या दुखापतीकडे आपण किरकोळ म्हणून पाहतो आणि म्हणूनच ती पुन्हा पुन्हा होते, असे माझे ठाम मत आहे. पहिली मुरगळ पुष्कळदा खेळाच्या ओघात येते. दुसऱ्या मुरगळीत मात्र आपला, म्हणजे खेळाडूला घाईने मैदानात उतरवणाऱ्यांचा, वाटा मोठा असतो. पुढची सगळी पाने याच विचाराच्या आधाराने वाचावीत.

आधी सांधा समजून घेऊ. नडगीचे हाड आणि तिच्या बाहेरच्या अंगाने उतरणारे बारीक हाड यांच्या खाचेत टॅलस नावाचे हाड बसलेले असते. बाहेरचा घोटा आतल्या घोट्यापेक्षा खाली उतरलेला असतो, त्यामुळे पाऊल बाहेरच्या दिशेने कलंडायला हाडाचाच अडसर होतो. शिवाय आतल्या बाजूचा पंख्यासारखा पसरलेला अस्थिबंध चांगला जाड असतो. बाहेरच्या बाजूला मात्र तीन वेगवेगळ्या पट्ट्या आहेत. त्यांतली पुढची, बाहेरच्या घोट्यापासून टॅलसकडे जाणारी, सर्वांत कमजोर. पाऊल आत वळून अंगाखाली दुमडले की सहसा पहिल्यांदा तीच फाटते, आणि जोर आणखी असेल तर टाचेकडे जाणारी दुसरी. टॅलसचा आकारही लक्षात ठेवण्याजोगा आहे. तो पुढे रुंद आणि मागे निमुळता असतो. पाऊल नडगीकडे वर वाकवले की रुंद भाग खाचेत घट्ट बसतो. चवड्यावर उभे राहिलो की निमुळता भाग खाचेत येतो आणि सांधा सैलावतो. उडी मारून चवड्यावर उतरणारा खेळाडू धोक्यात का असतो, याचे निम्मे उत्तर या एका हाडाच्या घडणीत आहे.

निम्मेच म्हणतो, कारण हाँगकाँगच्या एका प्रयोगशाळेत अनपेक्षित गोष्ट घडली. दिशा बदलण्याच्या चाचणीत, कॅमेरे चालू असताना, एका खेळाडूचा घोटा खरोखरच मुरगळला. फाँग यांनी २००९ मध्ये त्या चित्रणाचे मोजमाप प्रसिद्ध केले. पाऊल ४८ अंशांपर्यंत आत कलंडले होते, पण ते खाली झुकलेले नव्हते. पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे चवड्यावरच्या पावलाचे चित्र होते आणि मोजलेले पाऊल वेगळेच निघाले. एका घटनेवरून सिद्धांत मोडत नाहीत, पण या क्षेत्रात चित्रणाला एवढा मान का, हे त्यावरून कळते.

याच संदर्भात वेळेचा मुद्दा येतो. पाऊल आत कलंडू लागले की त्याला बाहेर ओढण्याचे काम नडगीच्या बाहेरच्या अंगाचे पेरोनियल स्नायू करतात. पायाखालची फळी अचानक कलंडवून केलेल्या प्रयोगांत या स्नायूंमध्ये विद्युत हालचाल सुरू व्हायलाच साधारण ६० ते ८० मिलिसेकंद जातात. प्रत्यक्ष ओढ निर्माण व्हायला त्याहून उशीर लागतो. तेवढ्यात अस्थिबंध ताणला गेलेला असतो. म्हणून पाऊल जमिनीला लागण्यापूर्वीच स्नायू तयार असावे लागतात. ही पूर्वतयारी मेंदू अनुभवावरून करतो, आणि जिथे प्रतिस्पर्ध्याचा हात, खांदा किंवा पाऊल ऐनवेळी मध्ये येते तिथे तो अंदाज चुकतो. धक्काबुक्कीच्या खेळांतला घोटा आणि एकट्याने धावणाऱ्याचा घोटा यांचा अभ्यास वेगळा करावा लागतो तो यासाठी.

आता ‘जोखीम घटक’ या कल्पनेकडे वळू. जिथे तो घटक असतो तिथे दुखापत अधिक वेळा दिसते, एवढाच त्याचा अर्थ. तो कारण असेलच असे नाही. कॅनडातील कॅलगरीचे विलेम मेविस यांनी १९९४ मध्ये या विचाराला एक चौकट दिली. खेळाडूच्या शरीरातले घटक, म्हणजे वय, ताकद, तोल, जुनी दुखापत, त्याला दुखापतीकडे झुकवतात. बाहेरचे घटक, म्हणजे पृष्ठभाग, पादत्राणे, प्रतिस्पर्धी, त्याला असुरक्षित करतात. आणि शेवटी एखादी घटना ठिणगी टाकते. ही मांडणी आजही उपयोगी आहे, पण तिच्यात काळ सरळ रेषेत जातो आणि दुखापतीपाशी गोष्ट संपते. २००७ मध्ये मेविस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच आकृती फिरती केली. खेळाडू प्रत्येक सरावातून, प्रत्येक सामन्यातून थोडा बदलून परत येतो. कधी अधिक तयार होऊन, कधी अधिक थकून, कधी एक अस्थिबंध सैल होऊन. हंगामाच्या सुरुवातीला मोजलेला खेळाडू उपान्त्य फेरीत खेळतच नसतो. तिथे दुसराच कोणी उतरलेला असतो, त्याच नावाचा. या क्षेत्रातला एकच निबंध वाचायला वेळ असेल तर हा वाचावा.

फिरत्या आकृतीत सर्वांत ठळकपणे उठून दिसणारा घटक म्हणजे आधीची मुरगळ. स्वीडनमध्ये यान एक्स्ट्रांड आणि हान्स ट्रोप यांनी १९९० मध्ये फुटबॉलपटूंविषयी लिहिले की ज्यांना आधी घोट्याचा त्रास होता त्यांची जोखीम २.३ पट होती. ऑस्ट्रेलियात २००१ मध्ये मॅके आणि सहकाऱ्यांनी दहा हजारांहून अधिक बास्केटबॉल खेळणाऱ्यांचे निरीक्षण केले. तिथे आधी घोटा दुखावलेल्यांची शक्यता जवळजवळ पाचपट निघाली. आकडे खेळागणिक बदलतात, दिशा बदलत नाही.

असे का व्हावे? लंडनचे शल्यचिकित्सक मायकेल फ्रीमन यांनी १९६५ मध्ये एक सुंदर कल्पना मांडली. अस्थिबंध आणि सांध्याचे आवरण यांत पावलाची स्थिती मेंदूला कळवणारे मज्जातंतूंचे शेंडे असतात. अस्थिबंध फाटतो तेव्हा तेही तुटतात. पाय पुन्हा उभा राहतो, पण आपण कुठे आहोत हे त्याला नीट कळत नाही. फ्रीमन यांनी कलंडत्या फळीवर तोल सावरण्याचे व्यायाम सुचवले आणि आज जगभर तेच व्यायाम दिले जातात. व्यायाम टिकला, स्पष्टीकरण मात्र बदलले. १९९३ मध्ये कोनराडसेन आणि सहकाऱ्यांनी धडधाकट माणसांचे अस्थिबंध इंजेक्शनने बधिर केले. स्वतःच्या हालचालीने पावलाची स्थिती ओळखण्याची क्षमता आणि पेरोनियल स्नायूंचा प्रतिसाद यांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे शेंडे तुटणे एवढेच कारण पुरेसे नव्हते. पुढे असेही दिसले की एक घोटा ताजा मुरगळलेला असताना दोन्ही पायांवरचा तोल बिघडलेला असू शकतो. बिघाडाचा काही भाग घोट्याच्या वर, हालचालींचे नियोजन होते तिथे असतो. याचा व्यवहारातला परिणाम मोठा आहे. ‘चांगल्या पायाइतका झाला की सोडा’ हा आपल्याकडचा सर्वमान्य निकष त्यामुळे डळमळतो, कारण तुलनेसाठी घेतलेला चांगला पायही पूर्वीइतका चांगला उरलेला नसतो.

उत्तराचा दुसरा भाग साधा, जखम भरण्याचा. हबर्ड आणि हिक्स-लिटल यांनी २००८ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून दाखवले की अस्थिबंध भरून यायला किमान सहा आठवडे ते तीन महिने लागतात आणि सहा आठवडे ते वर्षभराच्या काळातही बऱ्याच जणांचा सांधा सैल राहिलेला असतो. सूज उतरते दहा दिवसांत. वेदना त्याच सुमारास सुसह्य होते. खेळाडू, पालक, प्रशिक्षक आणि कधी कधी डॉक्टरही सूज आणि वेदना यांवरच निर्णय घेतात. रोआल्ड बार आणि सहकाऱ्यांनी नॉर्वेच्या व्हॉलीबॉलपटूंमध्ये पाहिले की नुकत्याच, म्हणजे सहा महिने ते वर्षभरात, मुरगळलेल्या घोट्याला धोका विशेष असतो. स्पर्धांचे आपले वेळापत्रक पाहिले, दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत गावोगाव चालणारे सामने पाहिले, तर तो धोक्याचा काळ आपण सामन्यांनी पुरेपूर भरून टाकतो.

इथे एका शंकेला जागा द्यायला हवी. आधीची मुरगळ पुढच्या मुरगळीचे कारण आहे, की दोन्हींमागे तिसरेच काही आहे? ज्याचा तोल मुळातच कच्चा आहे, जो धोक्याच्या जागी खेळतो, जो बेधडक बोनसला जातो, त्याला पहिलीही होईल आणि दुसरीही. निरीक्षणाच्या अभ्यासांतून ही गाठ पूर्ण सुटत नाही. ती सैल होते प्रतिबंधाच्या प्रयोगांतून. नेदरलँड्समध्ये ह्यूपेरेट्स, व्हर्हागेन आणि व्हॅन मेकेलेन यांनी २००९ मध्ये नुकताच घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर घरी करायचा आठ आठवड्यांचा तोलाचा व्यायाम दिला, देखरेखीशिवाय. वर्षभरात त्या गटात पुन्हा मुरगळण्याची जोखीम ३५ टक्क्यांनी कमी झाली. तिसरे काही असेलही, पण मधल्या काळात केलेल्या कामाने फरक पडतो एवढे यातून पक्के होते. हा निष्कर्ष आपल्याकडे फार मोलाचा आहे, कारण त्याला यंत्र लागत नाही, फी लागत नाही, अंगण पुरते.

तोलाबद्दल आणखी थोडे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये टिम मॅकग्वायन यांनी २००० मध्ये शालेय बास्केटबॉलच्या २१० खेळाडूंना हंगामापूर्वी एका पायावर उभे करून त्यांचे डोलणे मोजले. जास्त डोलणाऱ्यांचे घोटे स्थिर उभे राहणाऱ्यांच्या जवळपास सातपट मुरगळले. २००६ मध्ये त्यांनीच कीन यांच्याबरोबर ७६५ शालेय खेळाडूंवर तोलाच्या सरावाचा प्रयोग केला आणि मुरगळण्याचे प्रमाण ३८ टक्क्यांनी घटले. आधी घटक शोधा, मग तो बदलून पाहा, मग दुखापत कमी होते का ते मोजा. व्हॅन मेकेलेन यांनी १९९२ मध्ये आखलेली वाट हीच. इतकी सलग वाट चालून गेलेली उदाहरणे या क्षेत्रात थोडी आहेत.

एक चाचणी इथे सविस्तर सांगतो, कारण ती कुठल्याही शाळेच्या व्हरांड्यात होते. खेळाडूला अनवाणी भिंतीकडे तोंड करून उभे करा. तपासायचा पाय पुढे, अंगठा भिंतीसमोर सरळ. टाच जमिनीवरून न उचलता गुडघा भिंतीला लावायला सांगा. लागला की पाऊल बोटभर मागे, पुन्हा गुडघा भिंतीला. असे करत करत टाच उचलली जाण्याच्या आधीची शेवटची जागा सापडते. तिथे अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर टेपने सेंटिमीटरमध्ये मोजा. मग दुसरा पाय. टाचेखाली कागदाची पट्टी ठेवून ती ओढून पाहा, म्हणजे टाच गुपचूप उचललेली लगेच कळते. मुले हमखास उचलतात. पाऊल नडगीकडे किती वाकते ते या अंतरावरून समजते. ऑस्ट्रेलियन सैन्यातील नव्या जवानांवर रॉडनी पोप यांनी १९९८ मध्ये केलेल्या अभ्यासात ज्यांचा घोटा कमी वाकत होता त्यांना पायाच्या दुखापती जास्त झाल्या. मुरगळीनंतर हे वाकणे बऱ्याचदा कमी राहते. टॅलसचा रुंद भाग खाचेत पुरता बसतच नाही आणि सांधा आपली सर्वांत भक्कम स्थिती गाठत नाही. कोपरारक्षकाला खोल बैठक घेऊन दबा धरावा लागतो. त्याचा घोटा वाकत नसेल तर तो टाच उचलून बसेल, म्हणजे मुळातच चवड्यावर.

वजन, लिंग, वय यांविषयी मी थोडक्यात लिहितो. टायलर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अमेरिकी फुटबॉल खेळणाऱ्या शाळकरी मुलांत पाहिले की जास्त वजन आणि आधीची मुरगळ दोन्ही असलेल्यांची, धक्क्याशिवाय घोटा मुरगळण्याची जोखीम दोन्ही नसलेल्यांच्या १९ पट होती. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्यामागचे प्रसंग थोडे होते, म्हणून घटक एकत्र आले की काय होते याचा इशारा एवढाच त्याचा उपयोग करावा. डोहर्टी आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या संकलनात स्त्रियांमध्ये दर हजार सहभागांमागे १३.६ आणि पुरुषांमध्ये ६.९४ मुरगळी आढळल्या. तरीही एकाच खेळात, एकाच पातळीवर तुलना केली की हा फरक प्रत्येक वेळी तेवढा राहत नाही. मुलींना मिळणारी मैदाने, सरावाचे तास आणि बुटांचे माप यांचा विचार न करता हा फरक शरीरावर ढकलणे मला मान्य नाही.

जिथे शरीराला शरीर भिडते तिथे खरी जोखीम दोन खेळाडूंच्या मधल्या जागेत असते, आणि आपल्या क्षेत्राने बराच काळ एकाच खेळाडूला टेबलावर झोपवून मोजले. थोर आयनर अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये नॉर्वे आणि आइसलँडच्या फुटबॉल सामन्यांची चित्रणे पुन्हा पुन्हा पाहिली. दोन प्रकार ठळक दिसले. एकात, पाऊल टेकण्याच्या जरा आधी किंवा टेकतानाच प्रतिस्पर्ध्याचा धक्का नडगीच्या आतल्या बाजूला बसतो. पाय बाहेर ढकलला जातो आणि पाऊल आत कलंडलेल्या स्थितीत जमिनीवर येते. दुसऱ्यात, चेंडू मारायला झोकून दिलेला पाय समोरच्याच्या पायावर आदळतो आणि चवडा जोराने खाली दाबला जातो. पहिल्या प्रकारात दुखावलेल्या खेळाडूचा तोल, ताकद, वजन यांचा वाटा किती? पाऊल चुकीच्या जागी नेले ते दुसऱ्याने. बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉलमध्ये तर उडीवरून उतरताना दुसऱ्याच्या पावलावर पाऊल पडणे हा घोटा जाण्याचा नेहमीचा मार्ग आहे.

मग उपायही मधल्या जागेतच शोधावा लागतो. २०१७ च्या मे महिन्यात एनबीएच्या पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत कवाय लेनर्ड उडीवरून उतरताना बचावपटूच्या पावलावर उतरला आणि मालिकेबाहेर गेला. पुढच्या हंगामापासून, चेंडू फेकणाऱ्याला उतरायला जागा न देणाऱ्यावर अधिक कडक कारवाईची मुभा पंचांना मिळाली. कबड्डीला हा विचार परका नाही. चढाईपटूला पायांच्या कैचीत धरणे, त्याचा गळा किंवा तोंड दाबणे आपल्या नियमांत पूर्वीपासून निषिद्ध आहे. घोट्याची पकड मात्र कबड्डीचा प्राण आहे आणि ती काढून टाका असे मी कधीही म्हणणार नाही. तिच्याबद्दल विचारायचे प्रश्न बारीक आहेत. पकड घोट्याच्या वर बसली की पावलावर, यावर पिळाची दिशा बदलते. पाऊल जमिनीला खिळलेले असताना नडगी आत फिरली तर नडगीची दोन हाडे एकमेकांना जोडणाऱ्या वरच्या बंधावर ताण येतो. ही मुरगळ नेहमीच्या मुरगळीपेक्षा वेगळी, बरी व्हायला जास्त वेळ घेणारी, आणि सूज कमी असल्याने हमखास नजरेतून सुटणारी. साखळीतले बाकीचे बचावपटू धरलेल्या पायाच्या कोणत्या बाजूने कोसळतात, शिट्टी किती वेळात वाजते, पकडीतून सुटताना आपण चढाईपटूला पाय ओढायला शिकवतो की आधी गुडघा वाकवून भार काढायला, हे सगळे अभ्यासाचे विषय आहेत. त्यासाठी साहित्य तयार आहे. २०१४ पासून प्रो कबड्डीच्या प्रत्येक पकडीचे चित्रण अनेक कोनांतून झालेले आहे.

मातीकडून मॅटकडे झालेला प्रवासही याच नजरेने पाहावा. मातीवर अनवाणी पाऊल घसरते आणि घसरताना पिळाचा काही जोर सोडून देते. मॅटवर रबरी तळव्याचा बूट धरून ठेवतो. वेगवान वळण त्यामुळेच शक्य होते आणि पाऊल त्यामुळेच अडकते. नॉर्वेच्या हँडबॉलमध्ये ओल्सेन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये महिलांच्या गुडघ्याच्या दुखापतींबाबत लाकडी आणि कृत्रिम तळांची तुलना केली, तेव्हा जास्त पकड असलेला कृत्रिम तळ धोकादायक ठरला होता. आपल्या शाळकरी खेळाडूंची आणखी एक अडचण अशी की ते आठवडाभर मातीवर सराव करतात आणि जिल्हा पातळीवर अचानक मॅटवर उतरतात, कधी मित्राचे बूट घालून. बुटांची उंची हा मात्र फार गाजवलेला मुद्दा आहे. १९९३ मध्ये बॅरेट आणि सहकाऱ्यांनी बास्केटबॉलमध्ये उंच आणि आखूड बुटांची तुलना केली तेव्हा घोट्याच्या मुरगळीत फरक आढळला नाही. घोट्याच्या पट्ट्यांचा पुरावा त्याहून भक्कम आहे. दक्षिण आफ्रिकेत सुर्वे आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये फुटबॉलपटूंना अर्धकडक पट्टे दिले आणि फायदा झाला तो आधी मुरगळलेल्यांनाच. पुन्हा तोच घटक समोर येतो.

आता एका गोष्टीबद्दल आग्रहाने लिहायचे आहे. जोखीम घटक हाती आले की ते निवडीसाठी वापरण्याचा मोह होतो. एका पायावर जास्त डोलणारा, आधी दोनदा पाय मुरगळलेला मुलगा जिल्ह्याच्या संघात कशाला घ्या? हे चूक आहे, आणि संख्याशास्त्राच्या दृष्टीनेही चूक आहे. रोआल्ड बार यांनी २०१६ मध्ये सविस्तर दाखवले की गटांच्या सरासरीत फरक असला तरी दुखावणाऱ्या आणि न दुखावणाऱ्या खेळाडूंचे आकडे एकमेकांवर एवढे चढलेले असतात की कोणत्याही रेषेवर कापले तरी पुष्कळ धडधाकट खेळाडू उगाच बाहेर जातात आणि दुखावणारे बरेच आत राहतात. चाचणी कोणाला सरावात काय द्यायचे ते सांगते. कोणाला वगळायचे ते ती सांगत नाही. ज्या मुलीसाठी कबड्डी म्हणजे शिष्यवृत्ती, पोलीस किंवा रेल्वेतली नोकरी, घराबाहेर पडण्याची वाट आहे, तिला टेपवरच्या दोन सेंटिमीटरने घरी पाठवण्याचा अधिकार या शास्त्राने कोणालाही दिलेला नाही.

राहिला मोजणीचा प्रश्न. फुटबॉलमध्ये दुखापती दर हजार खेळतासांमागे मोजतात. कबड्डीला ही पट्टी जशीच्या तशी लावता येत नाही. ४० मिनिटांच्या सामन्यात बाद झालेला खेळाडू बाहेर बसलेला असतो, आघाडीचा चढाईपटू पुन्हा पुन्हा आत जातो, आणि प्रत्येक चढाई ३० सेकंदांत संपते. इथे छेदात चढाया आणि पकडी असायला हव्यात: किती चढायांमागे एक घोटा, किती पकडींमागे एक. तिसरी, गुण घेणे भाग असलेली चढाई वेगळी मोजावी, कारण तिथे खेळाडू एरवी टाळला असता असा धोका पत्करतो. गिरणगावातल्या जुन्या मंडळांनी, सांगलीच्या आणि कोकणातल्या संघांनी एक हंगाम जरी अशी नोंद ठेवली, तरी या खेळाला आज नसलेला पाया मिळेल.

नोंदवहीसाठी शाळेची दोनशे पानी वही पुरते. दुखापत झाली त्याच संध्याकाळी लिहावे, कारण दोन दिवसांनी खेळाडू स्वतःच वेगळी हकिकत सांगू लागतो. कोणता पाय, चढाई की बचाव, बोनसचा प्रयत्न होता का, घोटा धरला गेला होता का आणि कोणी कुठून धरला, माती की मॅट, पायात काय होते, सामन्याचे कितवे मिनिट. बाहेरच्या घोट्याच्या हाडावर बोट दाबून दुखते का आणि चार पावले टाकता येतात का, हेही लिहावे. ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये एक्स-रे कधी काढावा याचे जे नियम दिले त्यांत या दोन गोष्टी आहेत. आधी हाच घोटा मुरगळला होता का आणि केव्हा, ही नोंद खेळाडूच्या आईला विचारून करावी, खेळाडू लपवतो. पुढच्या पानावर भिंतीची चाचणी दर आठवड्याला, दोन्ही पायांची. शेवटचे तीन रकाने तारखांचे: सरावाला परत आला ती तारीख, पहिली पूर्ण चढाई केली ती तारीख, आणि तिसरा रकाना सध्या कोरा ठेवून वर्षभर उघडा ठेवायचा, तोच घोटा पुन्हा गेला तर भरण्यासाठी.